हरायला न शिकलेला कॅप्टन

माझा भाचा कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. अकरावीला आहे. सुपरहिरोंबद्दलचं त्याचं ज्ञान माझ्या सात-बाराच्या ज्ञानापेक्षा पक्कं आहे. कोण कुणाचा सावत्र भाऊ, कुठली ढाल कुठल्या धातूची, हे तो झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेल. त्याच्या आग्रहाखातर मे महिन्याच्या सुट्टीत मी 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' ही सहा भागांची मालिका बघितली. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये ती आली तेव्हा आपण सगळे कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अडकलो होतो, त्यामुळं ती कधी आली आणि कधी गेली ते मला कळलंही नव्हतं. "मामा, कशी वाटली?" असं त्यानं विचारलं आणि मी "बरी आहे की" म्हणून सुटलो. पण ते उत्तर खरं नव्हतं. निम्मी मालिका मला फार आवडली आणि निम्मीनं मला फसवल्यासारखं वाटलं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. कॅप्टन अमेरिका हे पात्र ज्यो सायमन आणि जॅक कर्बी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडवलं. मार्च १९४१ ची तारीख असलेल्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा लगावतोय. मूळचा हा किडकिडीत पोरगा, सरकारनं सिरम टोचून त्याला महाबली केलेला. मालिका सुरू होते तेव्हा हा कॅप्टन म्हातारा होऊन पडद्याआड गेलाय आणि जाताना आपली ढाल त्यानं सॅम विल्सन या कृष्णवर्णीय सहकाऱ्याकडं दिलीय. सॅमला ती आपली वाटत नाही, म्हणून तो ती संग्रहालयाला देऊन टाकतो. आणि सरकार काय करतं? तीच ढाल संग्रहालयातनं काढून जॉन वॉकर नावाच्या गोऱ्या सैनिकाच्या हातात ठेवतं. तीन सर्वोच्च शौर्यपदकं मिळवलेला, दिसायला राजबिंडा गडी.

वॉकरची ओळख करून देतात ती त्याच्याच शाळेच्या फुटबॉल मैदानावर. बँड, नाचणाऱ्या पोरी, मुलाखत, हात हलवणं. ते बघताना मला आपल्या चौकातल्या डिजिटल फलकांची आठवण झाली. वाढदिवसाच्या आधी चार दिवस लागणारे, खाली पन्नास शुभेच्छुकांचे गोल फोटो असलेले. माणसानं अजून काही केलेलं नसतं, पण फलकावर तो आधीच 'आधारस्तंभ' झालेला असतो. वॉकर वाईट माणूस नाही, हे मालिका प्रामाणिकपणे दाखवते. त्याला खरंच चांगलं काम करायचंय. फक्त त्याच्यावर भार आधी टाकलाय आणि तयारी मागाहून व्हायचीय.

मग येतो चौथा भाग आणि त्यातला एक प्रसंग. माझ्या मते सहा भागांचं सार त्यातच आहे. वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाच्या स्त्री-योद्ध्या एका खोलीत येतात, वॉकर त्यांच्यातल्या एकीच्या खांद्यावर हात ठेवून दम द्यायला जातो आणि त्या त्याला मिनिटभरात लोळवतात. ढालसुद्धा काढून घेतात. त्या निघून गेल्यावर तो भुईवर बसून पुटपुटतो की, ह्यांच्या अंगात तर सिरमही नव्हतं. मार खाल्ल्याचं दुःख नाही. साध्या माणसांकडनं मार खाल्ला, हे त्याला सोसवत नाही. त्यानंतर तो खिशात लपवलेली सिरमची कुपी अंगात घेतो, आणि त्याच भागाच्या शेवटी भरचौकात, शेकडो मोबाईल रोखलेले असताना, शरण येऊ बघणाऱ्या एका पोराला तीच ढाल घालून मारतो. ढालीच्या कडेवर रक्त. मालिकेतलं हे सर्वात थंड आणि सर्वात नेमकं चित्र.

भाचा म्हणाला, "मित्र मेला ना त्याचा, म्हणून डोकं सटकलं." खरंय, मित्र आधी मेला होता. पण डोकं त्याच्याही आधी, त्या खोलीतल्या भुईवर सटकलं होतं. हरायचं कसं असतं, हेच त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

इथं मला तालमीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. मी काही पैलवान नव्हे. सातवी ते नववी अशी तीन वर्षं पहाटे गेलो, नंतर मान धरली आणि सोडलं. पण त्या तीन वर्षांत माझी पाठ किती वेळा टेकली याचा हिशेब नाही. बाहेरच्यांना वाटतं की तालीम म्हणजे ताकद कमवायची जागा. आत गेलेल्याला पहिल्या आठवड्यातच समजतं की ही पडायची जागा आहे. लाल माती, त्यात ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर. पहाटे पाचला हौदात उतरलं की आधी ती खोऱ्यानं उकरायची, नव्या पोरांनी. उकरता उकरताच अंग निघतं. मग जोर, बैठका आणि मग जोड. वस्ताद मुद्दाम दोन वर्षांनी मोठ्या पोराबरोबर जोड लावायचे. एकेरी पट निघायचा, आपण वर, मग आपण खाली, तोंडात माती. उठून परत सलामी. एकदा मी चिडून समोरच्याच्या तोंडावर हात मारला. वस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी मला हौदाबाहेर बसवलं आणि पुढचे पंधरा दिवस फक्त माती उकरायला लावली. "अंगात रग आली की आधी माती उकरायची, मग माणूस धरायचा," एवढंच म्हणाले.

वॉकरला पंधरा दिवस माती उकरायला लावणारं कुणी नव्हतं. त्याच्याकडं पदकं होती, सरकार होतं, बँड होता, पण वस्ताद नव्हता.

तालमींचं गुणगान गातोय असं कुणाला वाटेल, तर थांबा. त्याच तालमींच्या नावानं आपल्याकडं फुटबॉलच्या मैदानात समर्थकांची डोकी फुटतात, मिरवणुकीत कर्णे छाती हलेपर्यंत वाजतात आणि निवडणुकीला गठ्ठ्यानं पोरं पुरवली जातात. हेही बळच, आणि तेही गल्लीत मुरलेलं. माझं म्हणणं एवढंच आहे की हौदातलं बळ ज्या वेळाखाऊ वाटेनं येतं, त्या वाटेवरच त्याला लगाम बसत जातो. इंजेक्शननं आलेल्या बळाला ती वाटच नसते.

इंजेक्शन हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. पेठेतल्या कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी जाऊन तासभर बसा. कोण कुठली 'सायकल' म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स मारतोय, कुणी किती 'एमएल' घेतलं, हे पोरं चहाचा भाव सांगावा तसं सांगतात. मेफेंटरमाइन नावाचं औषध आहे. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रोग्याचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायला ते वापरतात. व्यायामाआधी तेच टोचून घेणारी पोरं आहेत, कारण दम लागत नाही आणि अंगात वीज भरल्यासारखं वाटतं. हृदय केवढ्यानं धडधडतंय, हे त्या विजेत कळत नाही. वर खेळाडूंच्या पातळीवरही आपलं चित्र काही शोभेचं नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकड्यांत भारतातल्या ५,६०६ चाचण्यांपैकी ३.८ टक्के दोषी निघाल्या. एवढ्या मोठ्या संख्येनं चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होतं. म्हणजे वॉकर परदेशी कल्पनेतला नाही. तो आपल्या गल्लीत आहे, सतरा-अठरा वर्षांचा आहे, आणि त्याला पोलीस भरतीत १६०० मीटर पळायचंय.

ह्यावर एक उलट प्रश्न येतो आणि तो हलका नाही. मूळ कॅप्टनही सिरमनंच मोठा झाला ना? किडकिडीत, गरीब, दम्याचा पोरगा. त्यानं दहा वर्षं तालमीत घालवायची म्हटली असती तर खुराक कुणी दिला असता? बदाम, तूप, दूध, मटण यांचा महिन्याचा खर्च बघितला तर शेतमजुराच्या पोरानं हौदाकडं फिरकूच नये. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं केलं, त्याचं कारण हेच होतं. त्यांना ठाऊक होतं की मातीतलं बळ फुकट मिळत नाही, कुणीतरी राजानं नाहीतर गावानं त्याचं देणं उचलावं लागतं. ते देणं आज कुणी उचलत नाही, आणि मग आठशे-हजाराच्या कुपीवर भागवणाऱ्या पोराला आपण नीतीचे धडे देतो. मला तो पोरगा वॉकरपेक्षा जवळचा वाटतो. मालिकेनं हा प्रश्न विचारायला हवा होता. तिथं कुपी कुणी बनवली, कुणी चोरली, याचाच माग लागतो. ती घ्यावीशी का वाटते, हा प्रश्न वॉकर आणि त्याचा मित्र यांच्या एका छोट्या संवादात उरकलाय.

मालिकेत गरिबी नाही असं नाही, उलट तिचा पहिला उत्तम प्रसंग गरिबीचाच आहे. सॅमची बहीण सारा लुइझियानात वडिलोपार्जित बोट सांभाळतेय, धंदा बुडीत चाललाय. सॅम तिला घेऊन बँकेत कर्ज मागायला जातो. समोरचा साहेब त्याला ओळखतो, हरखतो, त्याच्याबरोबर फोटो काढायचं बघतो. कर्ज मात्र देत नाही. ज्यानं जग वाचवलं त्याच्याकडं पगारपत्रक नाही.

हे कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगायला नको. आमच्या नात्यातले एक जुने मल्ल होते. घरात गदा, भिंतीवर फेट्यातले फोटो, कपाटात शाली इतक्या की वाळवी लागली. पोराच्या टेंपोसाठी कर्ज काढायला गेले तर साहेबानं त्यांच्या कुस्त्यांच्या आठवणी पाऊण तास ऐकल्या, चहा पाजला, दारापर्यंत सोडायला आला आणि जामीनदार आणायला सांगितलं. सॅमच्या प्रसंगाला मी हसलो नाही, भाचा हसला.

आता आयझाया ब्रॅडली. या एका पात्रासाठी मी मालिकेचे बाकी अपराध पोटात घालायला तयार आहे. कार्ल लम्बली या नटानं हा म्हातारा असा उभा केलाय की तो बोलायला लागला की बाकीचे पोशाख घातलेली पोरं वाटतात. गोऱ्या कॅप्टननंतर सरकारनं कृष्णवर्णीय सैनिकांवर चोरून सिरमचे प्रयोग केले, त्यातला हा वाचलेला. कोरियाच्या युद्धात लढला, पकडलेल्या सोबत्यांना सोडवलं, आणि बक्षीस म्हणून तीस वर्षं तुरुंगात, रक्त काढून घ्यायला. जगाला त्याचं नावही माहीत नाही. हे पात्र मूळ २००३ च्या कॉमिक्समधलं आणि त्यामागं खरा इतिहास आहे. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ पासून १९७२ पर्यंत, चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्यानं सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांना अभ्यासाखाली ठेवलं. त्यातल्या ३९९ जणांना उपदंश होता. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही रोग कसा वाढतो ते बघायचं म्हणून त्यांना ते दिलं नाही. हे माहीत झाल्यावर आयझायाचा राग नाटकी वाटत नाही. तो सॅमला बजावतो की काळ्या माणसाला ते कॅप्टन अमेरिका होऊ देणार नाहीत, आणि होऊ दिलंच तरी स्वाभिमान असलेल्या काळ्या माणसानं होऊ नये.

या वाक्याला मालिकेकडं उत्तर नाही. आहे ते एवढंच की सॅम तरीही ढाल उचलतो, आणि शेवटी आयझायाला संग्रहालयात घेऊन जाऊन त्याचा पुतळा दाखवतो. म्हातारा रडतो. माझेही डोळे पाणावले, खोटं कशाला सांगू. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर राग आला. तीस वर्षांचा हिशेब एका पुतळ्यात?

आणि लगेच आपलंच आठवलं. खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा पोरगा, शिकायला कोल्हापूरला राजाराम कॉलेजात. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले असं सांगतात. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षं थांबावं लागलं. खाशाबा १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०१० मध्ये दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला नाव मिळालं. २०२३ मध्ये त्यांच्या जयंतीला गुगलनं चित्र लावलं, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप गटांवर 'जगात भारी' म्हणून ते शंभरदा फिरलं. खाशाबांवर कुणी प्रयोग केले नव्हते, त्यांना कुणी डांबलं नव्हतं, तेव्हा दोघांना एका तराजूत घालणं अन्यायाचं होईल. पण पुतळा उभारून मोकळं व्हायची हौस मात्र दोन्हीकडं सारखी. पुतळ्याला खुराक लागत नाही.

माझी खरी तक्रार आहे ती कार्ली मॉर्गेनथाऊच्या बाबतीत. ही मालिकेतली खलनायिका, कोवळी पोरगी. निम्मी माणसं अचानक नाहीशी झालेल्या जगात पाच वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या देशात जाऊन घरं बसवली, त्यांना ती माणसं परत आल्यावर हुसकावून लावलं जातंय. जागतिक पुनर्वसन मंडळ नावाची एक संस्था आहे आणि तिच्या गोदामात औषधं पडून आहेत. कार्ली म्हणते, आम्ही कुठं जायचं? ज्यानं कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणग्रस्तांना बसलेलं बघितलंय, त्याला हा प्रश्न लगेच उमगतो. चांदोलीची, काळम्मावाडीची माणसं, पिढी उलटली तरी हातात फायली. प्लॉट दाखवला, ताबा नाही. ताबा आहे, पाणी नाही. मला वाटलं, आता ही मालिका काहीतरी खरं बोलणार.

पण तिसऱ्या भागात लेखकांनी कार्लीला एक इमारत आतल्या माणसांसकट उडवायला लावली. गोष्टीला त्याची गरज नव्हती, पण लेखकांना होती. प्रेक्षक तिच्या बाजूनं झुकायला लागला होता आणि ते परवडणारं नव्हतं. माणूस पटेल असं बोलायला लागला की त्याच्या हातात बॉम्ब द्यायचा, म्हणजे त्याच्या म्हणण्याला उत्तर द्यावं लागत नाही. ही युक्ती पडद्यापुरती राहिली असती तर मी गप्प बसलो असतो. मोर्चात एक दगड पडला की मोर्चेकऱ्यांच्या मागण्या बातमीतनं गायब होतात आणि दगड तेवढा उरतो, हे आपण दर वर्षी बघतो.

कार्ली मेल्यावर सॅम तिचा देह हातांवर घेऊन नव्या पोशाखात रस्त्यावर उतरतो आणि नेत्यांना खडसावतो. तुम्ही त्यांना दहशतवादी म्हणणं थांबवा, ज्यांचं आयुष्य तुम्ही ठरवता त्यांना खोलीत बसवा, वगैरे. म्हणणं सोळा आणे खरं. पण एका भाषणानंतर या माणसांना हुसकावण्याबद्दलचं नेत्यांचं मतदान लांबणीवर पडतं! आमच्याकडं एका शासन निर्णयातला एक शब्द बदलायला तीन उपोषणं आणि दोन अधिवेशनं लागतात. तिथं बहुतेक भाषणं चांगली होत असावीत.

आणि वॉकर? त्याची पदवी काढून घेतली, सैन्यातनं बाहेर काढलं, इथवर ठीक. पण शेवटच्या भागात तो एक गाडी खोल खड्ड्यात जाताना थोडा वेळ धरून ठेवतो आणि तेवढ्यावर पोशाखाचा रंग बदलून काळा, नवं नाव, नवी नोकरी. भरचौकात खून करणाऱ्याला दोन भागांत दुसरी संधी आणि आयझायाला तीस वर्षं. हा फरक मालिकेनं जाणूनबुजून दाखवला असता तर मी टोपी काढली असती. पण तिला तो दिसल्यासारखाच वाटत नाही. शेवटी विनोदी संगीत वाजतं आणि वॉकर आरशात बघावं तसं हसतो.

बोटीचा प्रसंग मात्र मी पुन्हा लावून बघितला. बँकेनं नाकारल्यावर सॅम गावातल्या जुन्या माणसांना फोन लावतो आणि एकेकानं आपापली अवजारं, आपापला पाना, आपापलं देणं घेऊन यावं तशी माणसं येतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४३ फूट. नौदल आलं, एनडीआरएफ आलं, त्यांचे उपकार आहेतच. पण त्याच्या आधी चिखली-आंबेवाडीकडं इनरच्या ट्यूबा आणि काहिली घेऊन कोण गेलं होतं, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. गुळाच्या काहिलीत बसवून म्हाताऱ्यांना आणलेलं मी बघितलंय. आणणाऱ्यांत दोघं माझ्या वेळचे तालमीतले होते. एक आता रिक्षा चालवतो. त्यांच्या नावाचा फलक कधी लागला नाही, आणि लावला तर ते लाजून गल्ली बदलतील.

पाचव्या भागात सॅम घरामागच्या झाडांत ढाल फेकायचा सराव करतो. त्याच्या अंगात सिरम नाही, म्हणून ढाल झाडावर आपटते आणि भलतीकडं जाते. तो पडतो, उठतो, चुकतो. घाम, सकाळ, संध्याकाळ, परत सकाळ. कुणाशी मारामारी नाही. मी मन लावून बघत होतो तेवढ्यात भाच्याचं बोट पुढं आलं आणि दहा सेकंद, अजून दहा सेकंद असं ते दृश्य पळायला लागलं.

"अरे थांब, मागं घे."

"मामा, ह्यात काहीच होत नाही."